सात दिवसांत जात नाही, पण मरेपर्यंतही राहत नाही

नॉनस्टिक तव्यावाला तो फॉरवर्ड परत फिरतोय. तव्यातलं ‘फॉरेव्हर केमिकल’ अंगात गेलं की मरेपर्यंत निघत नाही म्हणे, आणि खाली लगेच, सात दिवस दुधीचा रस प्या, सगळं धुऊन निघेल. अहो, दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा की!

आधी ते मरेपर्यंतचं बघू. हे ‘फॉरेव्हर केमिकल’ म्हणजे पीएफएएस, ही हजारो केमिकल्सची फॅमिली आहे, कार्बन-फ्लोरिनचा बॉंड इतका चिवट की माती-पाण्यात मोडत नाही, शरीरातही मोडत नाही, हे खरंय. पण न मोडता बाहेर पडतं ना, फक्त भयंकर हळू. स्वीडनमधल्या रोनेबीत लष्करी विमानतळावरच्या आग विझवायच्या फोममुळे नळाचं पाणी खराब झालेलं, डिसेंबर २०१३ मध्ये ते बंद केलं आणि मग लोकांचं रक्त तपासत राहिले. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला, याच फॅमिलीतल्या पीएफओएला सरासरी २.७ वर्षं, पीएफओएसला ३.४, पीएफएचएक्सएसला ५.३. म्हणजे पीएफओएस १०० असेल तर साडेतीनेक वर्षांनी ५०, सातेक वर्षांनी २५, दहा वर्षांनी बारा-तेरा, आणि तेही नवीन येणं थांबलं तरच, नाहीतर टाकी गळतेय आणि वरून नळ चालू.

एवढा वेळ का, तर किडनीत गाळलं गेलेलं तिथलेच ट्रान्सपोर्टर (ने-आण करणारी प्रथिनं) परत रक्तात ओढून घेतात, शिवाय रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला हे चिकटून बसतं. डीडीटीसारखं चरबीत साठत नाही, त्यामुळे ‘चरबी जाळा, विष जाईल’ हेही बाद.

दुधीचा रस प्या खुशाल, भाजी म्हणून चांगलीच आहे, पण तो काय करणार इथे? रक्तातला आकडा खरंच खाली आला तो ऑस्ट्रेलियातल्या फायर फायटर्सचा, २०२२ ची ट्रायल आहे. वर्षभर दर सहा आठवड्यांनी प्लाझ्मा देणाऱ्यांचं पीएफओएस मिलीलिटरमागे सरासरी २.९ नॅनोग्रॅमने उतरलं, दर बारा आठवड्यांनी रक्त देणाऱ्यांचं १.१ ने, आणि काहीच न देणाऱ्यांचं जवळपास तिथल्या तिथे. अंगावर पाजणाऱ्या आईचंही कमी होतं, पण ते दुधातून बाळाकडे जातं (म्हणून दूध तोडू नका, डॉक्टर पाजायलाच सांगतात).

राहता राहिला तवा. कोटिंगची खपली पोटात गेली तर न पचता बाहेर पडते. पीएफओए वापरायचे ते कोटिंग बनवताना, आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत थांबवलं. रिकामा तवा लालबुंद करू नका, धूर वाईट, बस. अंगात जास्त येतं ते पाण्यातून नि खाण्यातून. पाणी उकळून हे जात नाही, आरओने बरंच कमी होतं.

आणि काळजीच करायची तर कोकणाकडे बघा. इटलीत विचेन्झाजवळ पीएफएएसने पाणी नासवणारी मितेनी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिची मशिनरी लोटे परशुरामला आलीय. तिथल्या विहिरींची पीएफएएस टेस्ट कोण करतंय, असं विचारणारा फॉरवर्ड मला अजून एकही आलेला नाही.