फियाटला मोटर बसवण्याआधी दोन आकडे सांगा

जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवल्याचे व्हिडिओ सध्या जोरात फिरतायत. खाली हमखास प्रश्न असतो, 'आमच्या फियाटला किती खर्च येईल?' खर्चाचं नंतर बघू. गाडी कोणत्या साली बनली आणि वर्षाला किती किलोमीटर पळते, हे आधी सांगा. माझं मत सरळ आहे. नव्वदच्या दशकातली, रोज ऑफिसला नेली जाणारी पद्मिनी असेल तर विचार करा. रविवारी कव्हर काढून फिरवायची जुनी फियाट डिलाइट असेल तर तिच्या इंजिनाला हात लावू नका.

साल का विचारायचं? केंद्रीय मोटार वाहन नियमांत पूर्ण इलेक्ट्रिक किटला परवानगी आहे ती १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेल्या गाड्यांना. किटलाही एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी लागते. ती सरसकट नसते, म्हणून विकणाऱ्याकडून आपल्या मॉडेलचं नाव असलेला कागद मागा. मग आरटीओत जाऊन आरसीवर बदल नोंदवायचा. दुसरीकडे, पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसतील तरच. म्हणजे १९६८च्या डिलाइटचं इंजिन काढलं की ती व्हिंटेजही राहत नाही आणि कायद्याने इलेक्ट्रिकही होत नाही. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवासुद्धा मोटर बसवलेल्या गाडीला ऐतिहासिक मानत नाही.

आता पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे ३० किलोवॉट. ३.२ व्होल्ट, २८० अँपिअर-अवरचे ३२ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल एकामागे एक जोडले की १०२ व्होल्टचा, साधारण २८ युनिटचा पॅक होतो. सेलचंच वजन १७० किलोच्या वर, पेटी, पट्ट्या आणि बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) धरून दोनशेच्या पुढे. पॅक ८५ टक्केच वापरायचा आणि शहरात युनिटला सात किलोमीटर धरायचे, तर १६०-१७० किलोमीटर मिळतात. तेवढ्याच अंतराला चौदा लिटर पेट्रोल पुरतं, आणि त्याचं वजन साडेदहा किलो! बॅटरीची खरी मर्यादा इथे आहे, बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघतात.

इंजिन, रेडिएटर, टाकी, सायलेन्सर मिळून दीडेकशे किलो उतरतात आणि अडीचशे चढतात. सगळे सेल डिकीत टाकले की मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. अर्धे सेल पुढे, इंजिनाच्या जागीच हवेत. ब्रेक चारही ड्रम आणि वजन शंभर किलोंनी जास्त, त्यामुळे लायनर, व्हील सिलिंडर, होस नवे टाकल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. मोटरच्या रिजनवर (वेग कमी करताना मोटरनेच बॅटरीत वीज परत भरणं) भिस्त ठेवाल तर तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. पावसात जास्त ठेवला तर मागची बाजू घसरते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तो मिळतच नाही.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधल्या अॅडॉप्टर प्लेटवर. दोन्ही शाफ्टचा मध्य मिलिमीटरच्या दहाव्या भागाने जरी चुकला, तरी आधी घरघर येते, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं, मग शाफ्टवरचे दाते, म्हणजे स्प्लाइन, खाल्ले जातात. प्लेट डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावूनच बसवायची. अंदाजे भोकं पाडणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. दुसरी गोष्ट टॉर्कची. जुनं इंजिन सत्तर-बहात्तर न्यूटन-मीटर देतं आणि तेही आवर्तनं वाढल्यावर. मोटर त्याहून जास्त टॉर्क शून्यापासून देते. मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये करंट आवळला नाही तर पहिल्या गिअरमध्ये डिफरन्शियल किंवा अ‍ॅक्सल शाफ्ट तुटतो.

वायरिंगमध्ये काटकसर करू नका. शंभर व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (चावीवर चालणारा पॅकचा मोठा स्विच) डीसीचेच हवेत. घरातला एसीचा एमसीबी लावला तर आतली ठिणगी विझत नाही. सुरुवातीचा करंट हळू सोडणारा प्रीचार्ज रेझिस्टर गाळला तर कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम करंट ओढतात आणि कॉन्टॅक्टर चिकटून बसतो. म्हणजे चावी बंद, गाडी चालूच. जुन्या गाडीत बॉडीच अर्थिंग असते, ती फक्त १२ व्होल्टसाठी ठेवा. मोठ्या पॅकचा एकही टोक बॉडीला लागता कामा नये.

घाटाची भीती मात्र लोक उलटीच बाळगतात. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना चार्ज फार जात नाही, उंचीपोटी दोन-अडीच युनिट. अडचण उष्णतेची आहे. तासाला ४० किलोमीटरने चढायला अकरा-बारा किलोवॉट सलग लागतात. जाहिरातीत '३० किलोवॉट' असतं ते पीक, काही सेकंदांचं. सलग क्षमता आठ असेल तर मोटर अर्ध्या घाटात तापून ताकद काढून घेते. आणि हायवेवरच्या फास्ट चार्जरचा भरवसा धरू नका. बहुतेक सीसीएस (इलेक्ट्रिक गाड्यांच्या प्रचलित फास्ट चार्जिंग प्लगचे) चार्जर दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत. १०२ व्होल्टच्या गाडीला घरचा १६ अँपिअरचा पॉइंटच खरा, ३.३ किलोवॉटने आठ-नऊ तास.

आता 'पर्यावरणासाठी' करणाऱ्यांचा हिशेब. वर्षाला २००० किलोमीटर चालणारी फियाट लिटरला बाराच्या अॅव्हरेजने साधारण ३८५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. तेवढंच अंतर आपल्या मुख्यतः कोळशाच्या विजेवर काढलं तर २३० किलो. वाचले दीडशे. बॅटरी बनवताना युनिटमागे ७० किलो धरले, तर २८ युनिटचे जवळजवळ दोन टन होतात. फेडायला तेरा वर्षं! तीच गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालली तर दोन-सव्वादोन वर्षांत फिटतात. म्हणून रनिंग विचारतो.

राहिला इथेनॉलचा मुद्दा. पंपावर २० टक्के मिश्रण आलं म्हणून इंजिनच काढायचं, हा जरा अतिरेकच झाला. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या काढून एफकेएमच्या (इथेनॉल सोसणारं रबर) टाका, मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा घ्या, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक पायरी मोठा करा. इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळे गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटरही कोरडा करा. टाकी आतून गंजली असेल तर आधी ती साफ करून घ्या, नाहीतर नवा जेट पहिल्याच आठवड्यात तुंबेल.