कॅसियस गॉथ कशावरून?

मध्ययुगीन स्पेनमधल्या बनू कासी या मुसलमान घराण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात घराण्याचा मूळपुरुष काउंट कॅसियस याला सरळ गॉथ (मुसलमानांच्या आधी स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक) सरदार ठरवलंय, ते पटलं नाही. नाव तर चक्क रोमन आहे! स्पेनवरच्या ७११ च्या मुसलमानी आक्रमणानंतर तो मुसलमान झाला, दमास्कसला खलिफा वलीदकडे गेला, ही कथा स्पेनमधल्या कोर्दोबाचा लेखक इब्न हज्म याची, म्हणजे ११व्या शतकातली. तीनशे वर्षांनी लिहिलेली वंशावळ! घराण्यांना जुना, वजनदार पूर्वज लागतोच. आपल्याकडच्या भाटांना विचारा. हां, उत्तर स्पेनचा ख्रिस्ती राजा तिसरा अल्फोन्सो याच्या ९व्या शतकातल्या बखरीत याच घराण्यातल्या तुदेलाच्या मूसा इब्न मूसाला (मृत्यू ८६२) गॉथ वंशाचा म्हटलंय, ते जास्त जुनं. पण त्यात कॅसियस कुठाय?