झोंबी आले तर कोणाला मागे टाकाल?

सकाळी उठून ग्रुप उघडला तर हा प्रश्न. पर्याय चार: म्हातारा, गरोदर बाई, रडकं पोर, पाय मोडलेला. सगळे हसतायत, पटापट मतं देतायत.

मला नाही हसू आलं. तीन वर्षांपूर्वी माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि रात्री दोन वाजता इमारतीच्या मीटरखोलीतून धूर निघाला. मी चौथ्या मजल्यावर. जिन्यावरून धावणारे पाय ऐकू येत होते, माझ्या दाराशी एकही थांबत नव्हता.

ज्या झोंबीची आपण एवढी मजा घेतो, तो आला कुठून? हैती या कॅरिबियन देशातून. तिथल्या फ्रेंच वसाहतीत उसाच्या मळ्यांवर गुलाम मरेस्तोवर राबवले जायचे. मेल्यावर तरी सुटू, एवढीच आशा. झोंबी म्हणजे ती आशाही संपणं. बोकोर, म्हणजे मांत्रिक, थडग्यातून उठवणार आणि पुन्हा कामाला जुंपणार. 1804 मध्ये देश स्वतंत्र झाला तरी भीती गेली नाही. एखाद्याला औषध घालून मेल्यासारखं निपचित पाडलं आणि त्यात तो पुरला गेला तर तो खूनच, असं कलम 19व्या शतकात त्यांच्या दंडसंहितेत आलं. त्या लोकांना झोंबी चावेल याची भीती नव्हती हो, आपलाच झोंबी होईल याची होती! चावणं, टोळ्या, डोक्यात गोळी हे सगळं नंतर सिनेमावाल्यांनी चिकटवलं. आणि आपण राबून मेलेल्या माणसाला गोळ्या घालायचा खेळ करून बसलो.

बरं, गंमत होती, कळतं मला. 2011 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही झोंबींचं निमित्त करून लोकांना पाणी, औषधं, कागदपत्रं तयार ठेवा, घरच्यांनी कुठे भेटायचं ते ठरवा, असं सांगितलं होतं. चांगलंच केलं. पण त्या यादीत कोणाला टाकून पळायचं हे नव्हतं.

तर त्या रात्री. दार वाजलं. ओला टॉवेल तोंडाला बांधून खालच्या मजल्यावरचा तो उभा, ज्याच्याशी पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. "बसा पायरीवर, ढुंगणावर सरकत चला," म्हणाला. चार मजले तसेच उतरलो. मध्ये एकदा मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्याने अशी शिवी हासडली की मी गप्प.

हैतीतल्या गोष्टीत झोंबीवर उतारा आहे मिठाचा. जिभेला मीठ लागलं की त्याला भान येतं आणि तो उठून आपल्या थडग्याकडे चालू लागतो. खाल्ल्या मिठाला जागणं आपण म्हणतो, तिथे मेलेला माणूस मिठाने खरोखर जागा होतो. म्हणून मालक त्याला अळणी जेवण देतो.

पार्किंगचं भांडण अजून मिटलेलं नाही, तो माणूस हट्टीच आहे.

आत्ता पुन्हा पाहिलं. "पाय मोडलेला" सगळ्यांत पुढे आहे. त्यात एक मत माझ्या सख्ख्या भावाचं.