‘कॅथलिकांना बायबल वर्ज्य’ म्हणणाऱ्या मेसेजला सोलापुरातून उत्तर

ऑक्टोबर लागला, जपमाळेचा महिना सुरू झाला, की हा मेसेज हमखास उगवतो. आमच्या सोलापुरात ख्रिस्ती घरं अशी की थोरली सून कॅथलिक, धाकटी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची) आणि एखादे भाऊजी विजापूर रोडकडच्या एखाद्या प्रार्थना मंडळीत. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर तो पडला की दोन दिवस कुणी कुणाला ‘गुड मॉर्निंग’सुद्धा पाठवत नाही. मेसेज लांबलचक आहे, पण सार एवढंच: चर्चने शतकानुशतकं लोकांना बायबल वाचू दिलं नाही, 1546 मध्ये ट्रेंटला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत बायबलमध्ये सात पुस्तकं घुसडली, शास्त्र पुरेसं असताना माणसांची परंपरा त्याच्या डोक्यावर बसवली, जपमाळ म्हणजे येशूने मना केलेली बडबड, मुळात बायबल ठरवलं ते रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहाने, आणि धर्मगुरूला ‘फादर’ म्हणणं हे पाप. शेवटी अर्थातच ‘दहा कॅथलिकांना पाठवा’.

भाचीने फोन केला, “मावशी, हे खरं आहे का गं?” तिला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस.

बायबल वाचू दिलं नाही?

यात काही अंशी तथ्य आहे, ते आधी कबूल करू. 1229 मध्ये फ्रान्समधल्या तुलूजच्या प्रांतिक परिषदेने सामान्य लोकांना बायबलच्या प्रती बाळगायला बंदी केली होती. तिथे पाखंडावरून रक्तपात चालला होता, त्या गोंधळातला तो निर्णय. 1564 च्या नियमांनीही लोकभाषेतलं बायबल वाचायला परवानगी घ्यावी लागे. हे झालं, आणि ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पण ‘चर्चने बायबल लपवलं आणि ल्यूथरने ते बाहेर काढलं’ ही गोष्ट टिकत नाही. ल्यूथर म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मसुधारक; त्याचा जर्मन नवा करार 1522 चा. त्याच्या कितीतरी आधी, 1466 मध्ये, स्ट्रासबर्गला जर्मन बायबल छापून झालं होतं आणि 1471 मध्ये व्हेनिसला इटालियन. हे छापणारे आणि विकत घेणारे कॅथलिकच होते, तेव्हा दुसरे होते कोण?

आपल्या भाषेचंच बघा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) 1579 मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने बायबलची कथा दहा हजारांहून जास्त ओव्यांत सांगितली. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. बंगालमधल्या सेरामपूरच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचा मराठी नवा करार आला 1811 मध्ये. स्टीफन्सचं काम हे भाषांतर नव्हे, कथन आहे, हा फरक मान्य. पण लोकांना शास्त्र कळू नये अशी ज्यांची इच्छा असते ते ओव्या रचत बसत नाहीत.

आणि आजचं म्हणाल तर 1965 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दैवी प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात लिहून ठेवलं की शास्त्राची वाट सगळ्या श्रद्धावंतांना मोकळी असली पाहिजे. आणि बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमचं वचन दिलं, शास्त्राचं अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचं अज्ञान. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, जुन्या करारातून एक वाचन, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांतून एक, मग शुभवर्तमान, असं तीन वर्षांचं चक्र आहे. फादरांना आपल्या आवडीचाच अध्याय वर्षभर ताणायची सोय त्यात नाही.

हां, एक टोमणा मात्र आम्ही कॅथलिकांनी गुपचूप खाल्ला पाहिजे. आमच्या किती घरांत बायबल शोकेसमध्ये, लग्नातल्या फोटोशेजारी, प्लास्टिकच्या कव्हरसकट असतं! ती चूक चर्चच्या बंदीची नाही, आमच्या आळसाची आहे.

सात पुस्तकं घुसडली?

तोबीत, युदिथ, मक्काबींची दोन, शलमोनाचं ज्ञान, सिराख आणि बारूख. ही ती सात, कॅथलिकांच्या 73 पुस्तकांच्या बायबलमध्ये असलेली आणि प्रोटेस्टंटांच्या 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये नसलेली. आता गंमत बघा: 1546 मध्ये घुसडलेली पुस्तकं 1455 च्या सुमाराला गुटेनबर्गने छापलेल्या बायबलमध्ये आहेत. 1442 मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने दिलेल्या यादीतही आहेत. त्याहून मागे जा, 397 ची कार्थेजची परिषद. तिथल्या यादीत तोबीत, युदिथ आणि मक्काबी नावानिशी आहेत. ट्रेंटने वादाचा शेवट केला, सुरुवात नव्हे.

वाद होताच, हे सांगायला हवं. खुद्द जेरोमला या पुस्तकांबद्दल शंका होती. त्याचा ओढा हिब्रू ग्रंथांकडे होता. त्याच्याच काळातल्या बिशप ऑगस्टिनचा कौल मात्र ही पुस्तकं ठेवण्याकडे. पण ग्रीक भाषांतरातून जुना करार वाचणाऱ्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या हातात ही पुस्तकं होती आणि उपासनेत ती वाचली जात. ल्यूथरनेसुद्धा 1534 च्या बायबलमधून ती काढून टाकली नाहीत. वेगळी बाजूला, पण त्याच बांधणीत ठेवली. 1611 चं इंग्लंडच्या जेम्स राजाचं बायबलही ती सोबत घेऊन छापलं गेलं. लंडनच्या बायबल सोसायटीने ती छापायचं थांबवलं ते 1820 च्या दशकात. म्हणजे ‘आमच्या आजोबांपासून 66’ हे खरं आहे, पण त्या आजोबांच्या आजोबांचं काय?

मेसेजमध्ये पुढे एक पुरवणी आहे, की येशूने या पुस्तकांतलं एकही वचन उद्धृत केलं नाही. एस्तेरच्या पुस्तकातलंही केलं नाही, गीतरत्नातलंही नाही. मग तीही काढायची का? उलट योहान 10:22 उघडा. येशू मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाला यरुशलेमेत आहे. तो सण कुठून आला, मंदिर कुणी विटाळलं आणि कुणी शुद्ध केलं, हे 66 पुस्तकांत शोधून सापडणार नाही. ते मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात आहे.

शास्त्र पुरेसं, परंपरा कशाला?

हा सगळ्यांत मोठा मुद्दा. बाकीचे याच्याच फांद्या.

मेसेजने 2 तीमथ्य 3:16 दिलंय: प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित असून शिकवायला, चूक दाखवायला उपयोगी आहे. कॅथलिक याला अक्षरशः मान्यता देतो. पण एक ओळ वर जा. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला म्हणतो, बालपणापासून तुला शास्त्र माहीत आहे. तीमथ्याच्या बालपणी नवा करार लिहिलाच गेला नव्हता. ‘एवढंच पुरे’ असा अर्थ या वचनातून काढायचा तर तो जुन्या करारापाशीच थांबेल, आणि मग शुभवर्तमानांचं काय करायचं?

मार्क 7 मध्ये येशू माणसांच्या परंपरेवर तुटून पडतो, हेही बरोबर. कशावरून? आईबापांना सांभाळायचं सोडून ‘माझं धन देवाला वाहिलंय’ म्हणणाऱ्यांवरून. आज्ञा मोडणाऱ्या परंपरेवर तो राग आहे. तोच पौल थेस्सलनीकाकरांना दुसऱ्या पत्रात, 2:15 मध्ये, सांगतो की तोंडी असो वा पत्राने, जी परंपरा आमच्याकडून मिळाली ती घट्ट धरा. दोन्ही वचनं शास्त्रातलीच. एक फॉरवर्ड होतं, दुसरं होत नाही.

आता मला सांगा, नव्या करारात 27 पुस्तकं आहेत हे कोणत्या वचनात लिहिलंय? कुठल्याच नाही. बरोबर या 27 पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या 367 च्या पुनरुत्थान सणाच्या पत्रात. त्याआधीच्या पिढ्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाबद्दल, इब्रीकरांच्या पत्राबद्दल भांडत होत्या. कोणतं पुस्तक प्रेषितांच्या श्रद्धेचं आणि कोणतं कुणीतरी प्रेषिताचं नाव लावून खपवलेलं, हे पारखलं कुणी? मिस्सा करणाऱ्या, छळात मरणाऱ्या, एकमेकींना पत्रं लिहिणाऱ्या मंडळ्यांनी. अनुक्रमणिका परंपरेकडून घ्यायची आणि पुस्तक उघडल्यावर परंपरेला दार दाखवायचं, हे कसं काय?

शास्त्र स्वतःच आपलं स्पष्टीकरण करतं, हेही ऐकू येतं. एरियस नावाच्या धर्मगुरूने चौथ्या शतकात पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे असं शिकवलं, ते शास्त्र हातात घेऊनच. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहान 14:28 त्याच्या बाजूच्यांचं लाडकं. 325 मध्ये नायसियाला जमलेल्या बिशपांनी त्याला उत्तर दिलं, आणि जो विश्वासांगिकार (श्रद्धेची कबुली) त्यातून वाढला तो आज सोलापुरातली सीएनआयची मंडळीही म्हणते. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. पण आमचे भाऊजी त्रैक्याशिवाय एक प्रार्थना संपवत नाहीत. छान करतात. फक्त ती परंपरा आहे हे मान्य करावं.

कॅथलिक शिकवण परंपरेला शास्त्राच्या वर बसवते का? त्याच 1965 च्या दस्तऐवजात साफ म्हटलंय की चर्चचा शिक्षणाधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे. कूशी षंढ, म्हणजे इथिओपियाच्या दरबारातला अधिकारी, रथात यशया वाचत होता, फिलिप्पाने विचारलं, कळतंय का? तो म्हणाला, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळणार? प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. आणि नहेम्या 8 मध्ये एज्रा सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांमध्ये फिरून अर्थ समजावतात, लोक ऐकून रडतात. तीन वर्षांच्या चक्रातल्या तिसऱ्या वर्षी, सामान्यकाळाच्या तिसऱ्या रविवारी, मिस्सेत पहिलं वाचन हेच असतं. आणि त्याच दिवशी शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा पट उघडतो. पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये हाच तिसरा रविवार देवाच्या वचनाचा रविवार म्हणून नेमून दिला.

जपमाळ म्हणजे बडबड?

मत्तय 6:7 मध्ये येशू म्हणतो, फार बोललो की देव ऐकेल अशा समजुतीने निरर्थक बडबड करू नका. आक्षेप त्या समजुतीवर आहे. तेच शब्द पुन्हा म्हणण्यावर असता तर त्याच मत्तयात, 26:44 मध्ये, येशू स्वतः गेथशेमानेत तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, त्याचं काय? 136 व्या स्तोत्रात देवाची दया सनातन आहे ही ओळ 26 वेळा येते, प्रत्येक वचनात एकदा. प्रकटीकरण 4:8 मधले प्राणी तर रात्रंदिवस ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणताना थांबतच नाहीत.

जपमाळेवर बोट ठेवणाऱ्या भाऊजींच्या मंडळीत रविवारी नारायण वामन टिळकांचं भजन लागतं, टाळ निघतात, धृपद फिरून फिरून येतं, पेटीवाला लय वाढवतो आणि बसलेली म्हातारी माणसं डोळे मिटून डोलतात. त्याला कुणी बडबड म्हणत नाही, म्हणूही नये. जपमाळेच्या मण्यांवर म्हटली जाणारी ‘नमो मरिया’ ही प्रार्थना तसंच धृपद आहे. तिचा पहिला अर्धा भाग लूक 1:28 आणि 1:42 मधला, देवदूताचा आणि अलिशिबेचा. आणि अंतरे म्हणजे रहस्यं, येशूच्या चरित्रातले मनन करायचे प्रसंग: जन्म, गेथशेमाने, क्रूस, पुनरुत्थान; 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी बाप्तिस्मा, काना, रूपांतर वगैरे प्रकाशाची रहस्यंही जोडली. बोटांत मणी, ओठांवर मरिया, पण मनात येशूचं चरित्र. ज्या आजीला वाचता येत नव्हतं तिला शुभवर्तमान असंच पाठ झालं.

घाईघाईत, टीव्हीवरची मालिका सुरू व्हायच्या आत उरकलेली जपमाळ बडबडच असते, हे मात्र मेसेजवाल्याला मी देऊन टाकते.

मरियेची पूजा करता, हाही सूर मेसेजमध्ये आहे. आराधना फक्त देवाची, संतांचा सन्मान वेगळा, हे 787 मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत ठरलेलं आहे. ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं जिला म्हणतो तिला कुणी देव समजत नाही.

कॉन्स्टंटाईन आणि ‘फादर’

हे दोन चटकन. कॉन्स्टंटाईनने बोलावलेल्या 325 च्या नायसियाच्या परिषदेने केलेले वीस नियम आजही उपलब्ध आहेत. त्यांत बिशपांची नेमणूक आहे, पाखंडातून परतलेल्यांचं काय करायचं ते आहे, बायबलमधल्या पुस्तकांची यादी नाही. बादशहाने मतदान घेऊन शुभवर्तमानं निवडली ही कादंबरीत शोभणारी गोष्ट.

आणि मत्तय 23:9. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. तसं असेल तर पौलाने 1 करिंथ 4:15 मध्ये स्वतःला करिंथकरांचा पिता म्हणवून घेतलं ते चुकलंच म्हणायचं. शिवाय आठव्या वचनात गुरू म्हणवून घेऊ नका असंही आहे, आणि हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकणारे भाऊजी रिटायर्ड मास्तर आहेत. त्यांना आम्ही सगळे ‘गुरुजी’ म्हणतो आणि त्यांना ते आवडतं.