वॉरंटीत आहे म्हणून जळालेला व्हीएचएफ सेट फुकट बदलून मिळत नाही

नौकेवरचा व्हीएचएफ सेट, म्हणजे समुद्रात संपर्कासाठी वापरतात तो रेडिओ, वॉरंटीत असताना बंद पडला, तर कारण काहीही असो, दुकानदाराने नवा द्यायलाच हवा, असा मेसेज कोकणात बंदराबंदरांत फिरतोय. पुढे म्हटलंय की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याची जबाबदारी आलीय, त्यामुळे विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणजे पाण्याने बिघडला तरी कंपनीच भरणार. सेट कशामुळे गेला ते दुकानात सांगू नका, नकार मिळाला तर 1915 या ग्राहक मदतवाहिनीला फोन लावा, असंही त्यात आहे. हे सेट दुरुस्त करणं माझं रोजचं काम आहे. या मेसेजवर विसंबून मच्छीमारांचाच तोटा होतोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कारण काहीही असो’ इथूनच चूक सुरू होते. वॉरंटी ही सेट बनवताना राहिलेल्या दोषाची हमी. कच्चं सोल्डरिंग, काही न करता गेलेला डिस्प्ले, हे कंपनीचं, त्यात वाद नाही. पण टेबलावर बरेचदा वेगळंच येतं. सेट 13.8 व्होल्टचा असतो. मोठ्या इंजिनाच्या नौकेवर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे 24 व्होल्ट. व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर न लावता वायर थेट तिथे जोडली, किंवा लाल-काळी उलटी लागली, की सेटच्या तोंडाशी असलेला संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. इथवर थांबलं तर खर्च बहुतेक वेळा किरकोळ असतो. मग कुणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घालतं आणि बोर्डावरचा ट्रॅक, म्हणजे वीज वाहून नेणारी तांब्याची पातळ पट्टी, करपून उचलला जातो. झाकण उघडल्यावर तडकलेला डायोड, काळा पडलेला बोर्ड आणि फ्यूज होल्डरमधली ती तार समोर असते. हे कारखान्यातून आलेलं नाही. ज्याने जोडणी केली त्याची ही जबाबदारी.

ती जोडणी दुकानाच्या फिटरने केली असेल, तर मात्र भुर्दंड दुकानदाराने सोसायचा. ती सेवेतली त्रुटी आहे, कंपनीची वॉरंटी असो वा नसो. स्वतःच्या बिलावर ‘वर्षभरात बदलून देऊ’ असं लिहून दिलं असेल, तर तेही त्याने पाळायचं. बिल न देणारे, वॉरंटी कार्डावर शिक्का न मारणारे, ‘कंपनीत पाठवलाय’ म्हणून महिनोन् महिने टोलवणारे दुकानदार आहेत, त्यांना अजिबात सोडू नका. पण ज्याने खोका सीलबंद दिला आणि माहितीपुस्तिका हातात ठेवली, त्याने तुमच्या खलाशाने उलट्या लावलेल्या वायरचे पैसे का भरावेत? त्याने सेट बदलून दिला, तर कंपनी तो क्लेम नाकारते आणि सेटची किंमत दुकानदाराच्याच खिशातून जाते.

उत्पादन दायित्वाचा दावा तर सरळ चुकीचा आहे. कायद्याच्या कलम 2(22) मधल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेलं नुकसान वगळलेलं आहे. सदोष बॅटरी फुटून हात भाजला तर उत्पादन दायित्व लागू होईल, जळालेल्या सेटच्या बदल्यात सेट मागायला नाही. सदोष वस्तूची तक्रार वेगळी. ती जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि आयोग दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. स्वतःच्या नौकेवर पोट भरणारा मच्छीमार तिथे ‘ग्राहक’ ठरू शकतो, कारण स्वयंरोजगारासाठी केलेली खरेदी कायद्याने व्यापारी धरलेली नाही. अनेक ट्रॉलर चालवणाऱ्या मालकाला तेवढं सोपं नाही. आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम 38 प्रमाणे सेट सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातो, फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. ती तांब्याची तार तिथेही दिसणारच.

1915 ही मदतवाहिनी आहे. ती तक्रार कंपनीपुढे मांडते, तडजोडीचा प्रयत्न करते, हुकूम काढत नाही.

वॉटरप्रूफचं थोडक्यात. हातातल्या सेटवर आयपीएक्स 7 असेल, तर त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, तोही सगळी झाकणं नीट बसलेली असताना. चार्जिंगचं रबरी झाकण उघडं ठेवून आत खारं पाणी गेलं, बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढली, तर ती हमी उरत नाही. झाकणं बंद, रबर शाबूत आणि तरीही आत पाणी, असं असेल तर मात्र कंपनीशी भांडा, मी तुमच्या बाजूने लिहून देईन.

सगळ्यात धोक्याचा सल्ला म्हणजे ‘दुकानात काही सांगू नका’. कारण लपवलं की बदललेला सेट पुन्हा त्याच 24 व्होल्टवर बसतो. तो बंदरात जळाला तर पैसे जातात. वादळात, किनाऱ्यापासून दूर, तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाने, चॅनल 16 या संकटकाळच्या चॅनलवर हाक मारायला माइक उचलला आणि सेट मेलेला निघाला, तर त्याची भरपाई कुठलाच आयोग देऊ शकत नाही.

सेट देताना बॅटरी किती व्होल्टची, जोडणी कुणी केली, फ्यूज कधी बदलला, हे स्पष्ट सांगा. सर्व्हिस सेंटरने ‘ग्राहकाची चूक’ म्हटलं, तर तोंडी ऐकून घेऊ नका. कुठला भाग कशामुळे गेला ते फोटोसकट लेखी मागा, आणि तो कागद हातात येईपर्यंत दुरुस्तीला होकार देऊ नका.