गोत्राला वाय गुणसूत्र चिकटवण्याआधी

तुळशीची लग्नं आटोपली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि वधू-वर मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी नव्या दमाने फिरायला लागतो. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा गोषवारा असा: आपल्या ऋषींना जेनेटिक्स ठाऊक होतं. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला मिळतं आणि ९५ टक्के जसंच्या तसं पुढे जातं, म्हणून गोत्र पुरुषाकडून चालतं. सगोत्र लग्न केलं की वाय कमकुवत होतं. पत्नीचा अंश सात पिढ्यांत संपतो, म्हणून सात जन्मांचं नातं. गोत्र वेगळं पण जात एकच, या नियमामुळे आपलं रक्त हजारो वर्षं शुद्ध राहिलं आणि तगड्या जनुकांनी कमकुवत जनुकांना संपवलं. शेवटी जोडीला एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, आणि 'विज्ञानाने सिद्ध, पुढे पाठवा'.

लिहिणाऱ्याने एक हुशारी केली आहे. मेसेजमधली सुरुवातीची माहिती खरी आहे. वाय बापाकडूनच मुलाला मिळतं, आणि त्याचा सुमारे ९५ टक्के भाग दुसऱ्या गुणसूत्राशी देवाणघेवाण करत नाही, हे बरोबर. अशी खरी सुरुवात केली की पुढचं कोणी तपासत नाही. तर तपासू.

सगोत्र लग्नाने वाय कमकुवत होतं म्हणे. कसं होणार? नवरीकडे वाय नसतंच. नवरा-नवरीचं गोत्र एक असो की वेगळं, होणाऱ्या मुलाला वाय एकच मिळतं, बापाचं. मुलीला तेही नाही. म्हणजे दोन सारखी वाय एकत्र येण्याचा प्रसंग सगोत्र लग्नात येतच नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नात धोका असतो तो गुणसूत्रांच्या बाकीच्या २२ जोड्यांमुळे, आणि नेमका त्यांचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. आता ते '९५ टक्के जसंच्या तसं' घ्या. देवाणघेवाण न होणं हा मेसेजला वायचा मोठेपणा वाटतो. प्रत्यक्षात ती त्याची अडचण आहे. इतर गुणसूत्रांत एका प्रतीत बिघाड झाला तर पुढच्या पिढीत तुकड्यांची अदलाबदल होऊन तो वेगळा पडू शकतो. वायला ही सोय फारशी नाही. उत्क्रांतीच्या लांबलचक काळात त्याने आपली बहुतेक मूळ जनुकं गमावली ती याचमुळे. (पुरुषजात संपणार, अशीही एक बातमी मधूनमधून फिरते. तीही सोडून द्या. ऱ्हीसस माकडाच्या वायशी तुलना केल्यावर २०१२ साली दिसलं, की गेल्या अडीच कोटी वर्षांत माणसाच्या वायने एकच मूळ जनुक गमावलं आहे.)

आणि गोत्र म्हणजे वाय हे समीकरण तरी आपल्याकडच्या व्यवहारात कुठे बसतं? सत्यनारायणाला संकल्प सोडताना गुरुजी गोत्र विचारतात. यजमान बायकोकडे बघतात, बायको सासूबाईंकडे बघते, आणि गुरुजी म्हणतात, "माहीत नाही? मग काश्यप म्हणा." परंपरेनेच दिलेली सोय आहे ही. दत्तकाला दत्तक घेणाऱ्याचं गोत्र लागतं. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. कुळ भोसल्यांचं, वाय घाटग्यांचं. महाराष्ट्रात कित्येक समाजांत सोयरीक जुळवताना गोत्राआधी देवक पाहतात. कळंब, पंचपालवी वगैरे. शिवाय वायच्या ज्या शाखा शास्त्रज्ञांनी मांडल्या आहेत त्या गोत्रांची हद्द पाळत नाहीत. आर-१ए ही शाखा उत्तरेतल्या ब्राह्मणांत पुष्कळ सापडते, तशी ती आंध्र-तेलंगणाच्या जंगलपट्ट्यातल्या चेंचू आदिवासींतही सापडते.

सात पिढ्यांचं गणित तर पाचवीतल्या पोरानेही धरावं. पत्नीचा वाटा पिढीगणिक निम्मा होतो आणि सातव्या पिढीत सरासरी १२८ मधला एक भाग उरतो, हे खरं. पण नवऱ्याचा वाटाही त्याच हिशेबाने निम्मा होतो. त्याचं वाय पुढे गेलं, म्हणून तो शंभर टक्के पुढे गेला असं होत नाही. आता तुलनाच करायची तर करू. वायची लांबी डीएनएच्या सव्वासहा कोटी अक्षरांची, त्याच्या जोडीच्या एक्स गुणसूत्राची साडेपंधरा कोटींची. वायवर प्रथिनं बनवणारी जनुकं शंभराच्या आसपास, त्यातही एकाच जनुकाच्या बऱ्याच प्रती, एक्सवर आठ-नऊशे. मुलाला एक्स मिळतं ते फक्त आईकडून. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा वेगळा डीएनएही आईचाच. म्हणजे ज्या कुलदीपकासाठी हा सगळा आटापिटा, त्याच्या अंगात बापापेक्षा आईचा डीएनए थोडा जास्तच असतो. नरमादी ठरण्यात वायचा हात असतो हे १९०५ साली पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून दाखवलं तेही एका बाईने, नेटी स्टीव्हन्सने. ऋषींच्या नावावर ते खपवताना निदान तिची आठवण ठेवायला हरकत नव्हती.

हे सगळं मात्र किरकोळ. खरी गफलत पुढे आहे: 'गोत्र वेगळं, जात एकच.'

तुमच्या दहा पिढ्या मागे जा, म्हणजे साधारण थोरल्या माधवरावांच्या पुण्यात. तिथे तुमच्या पूर्वजांच्या १,०२४ जागा आहेत. त्यातल्या एका जागेचा हिशेब गोत्र ठेवतं: बापाचा बाप, त्याचा बाप, अशी सरळ ओळ. उरलेल्या १,०२३ जागांवर कोण होतं याच्याशी गोत्राला देणंघेणं नाही. पण लग्नं जर एकाच पोटजातीत होत आली असतील, आणि त्या पोटजातीत सोयरीक जुळावी अशी मोजकीच घरं असतील, तर त्या जागांवर तीच माणसं पुन्हा पुन्हा बसलेली असतात. नवरा कौशिक, नवरी भारद्वाज, आणि आईच्या, आजीच्या, पणजीच्या बाजूने दोघंही पन्नास वाटांनी एकमेकांचे नातलग. गोत्राची चाळणी यातलं काही अडवत नाही.

मामेबहिणीचंच बघा. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानला जायचा, अजूनही गावाकडे मानतात. तिचं गोत्र वेगळं, म्हणून गोत्राच्या नियमाने हे स्थळ चोख. आनुवंशिकीच्या हिशेबाने दोघांचा सरासरी आठवा भाग सारखा. मुलामध्ये जन्मजात दोष असण्याची शक्यता सर्वसाधारण जोडप्यांत दोन-तीन टक्के असते, ती सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात ढोबळमानाने दुप्पट होते. उलट वीस पिढ्यांपूर्वी कुठल्या तरी एका ऋषीच्या नावाखाली आलेली, दोन वेगवेगळ्या प्रांतांतली सगोत्र माणसं जवळजवळ परकीच. कायद्याने हे केव्हाच मान्य केलं. सगोत्र विवाह १९४६ च्या कायद्याने वैध झाले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्राची आडकाठी नाही, सपिंडाची, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्याची आहे: आईकडून तीन पिढ्या, बापाकडून पाच. रूढीने मोकळीक असेल तर तीही सुटते.

बंद पोटजातीत काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्यापैकी प्रत्येकाच्या डीएनएत काही बिघडलेली जनुकं निमूट बसलेली असतात. जोडीची दुसरी प्रत ठीक असल्याने आपल्याला काही होत नाही. समजा, फार पूर्वी एक गट थोड्या घरांपासून सुरू झाला: दुष्काळाने, स्थलांतराने, भांडणाने, काहीही कारण असो. त्या थोड्या माणसांत जी बिघडलेली जनुकं होती, ती गट वाढला की हजारो वंशजांत पसरतात, आणि लग्नं आतल्या आतच होत राहिली तर एकाच बिघाडाच्या दोन प्रती एका मुलात येण्याचे प्रसंग वाढतात. यात निवडीचा, गुणवत्तेचा काही भाग नाही. सुरुवातीला कोण होतं एवढ्याच योगायोगावर पुढचं ठरतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांतल्या २,८०० हून अधिक लोकांचा डीएनए तपासला होता. त्यात ८१ गट असे निघाले, की त्यांच्यातला हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आहे. यातल्या १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर. तेव्हा 'आमचा समाज मोठा आहे' हेही उत्तर होत नाही. दक्षिणेतल्या वैश्य समाजाचं उदाहरण डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी जे एक औषध टोचतात, ते पचवणारं विकर (एन्झाइम) त्या समाजात बऱ्याच जणांत नसतं. अशा माणसाला ऑपरेशननंतर श्वास परत यायला फार वेळ लागतो. हे प्रमाण इतरांच्या सुमारे शंभरपट. 'शुद्ध रक्ता'चा अर्थ ऑपरेशन थिएटरमध्ये असा निघतो.

बरं, शुद्ध तरी कशापासून? २०१३ च्या एका संशोधनाप्रमाणे भारतातले जवळपास सगळे समाज साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर लग्नाच्या भिंती उभ्या राहिल्या. घाऱ्या डोळ्यांवरून शुद्धतेचा दाखला देणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावं. तो रंगही त्या मिसळीतूनच आला असणार. हे सांगायला परदेशी प्रयोगशाळाच हवी असंही नाही. आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे होत्या. त्यांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट केली ती वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑइगेन फिशरच्या हाताखाली. कवट्यांच्या मोजमापावरून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसावं अशी गुरूची अपेक्षा, आणि बाईंनी मोजून लिहिलं की तसं काही दिसत नाही. पुढे १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच पायरीवरचे म्हणून हे गट एकाच मुळाच्या फांद्या, असं त्यांच्या आकड्यांतून निघेना.

आता तगड्या जनुकांनी कमकुवतांना संपवल्याची गोष्ट. हाच प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडात निघाला होता: प्रभावी जनुक, म्हणजे एकच प्रत असली तरी ज्याचा परिणाम दिसतो ते, पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाऊन दुसऱ्याला हुसकावत का नाही? उत्तर १९०८ साली दिलं ते गणिती हार्डीने, पुढे रामानुजनला इंग्लंडला बोलावलं तोच हार्डी. त्याने चार ओळींत दाखवलं, की निवड, स्थलांतर वगैरे काही नसेल तर प्रमाण जागच्या जागी राहतं. प्रभावी असणं वेगळं, पसरणं वेगळं. आणि निवड असली तरी लपलेल्या जनुकापर्यंत तिचा हात पोचत नाही. एखादं घातक जनुक शंभरात एक या प्रमाणात असेल तर रोगी मूल दहा हजारांत एक जन्मतं, आणि वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेली माणसं, पन्नासात एक असतात. त्या जनुकाच्या शंभरातल्या नव्व्याण्णव प्रती धडधाकट माणसांत बसलेल्या. निसर्ग कोणाला काढणार?

जे उशिरा दिसतं तेही सुटतं. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेला एक बदल भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आहे, आणि २००९ पासून त्याचा संबंध हृदयविकाराशी जोडला गेला आहे. त्रास बहुधा उतारवयात होतो. तोवर मुलं मोठी होऊन जनुक पुढे गेलेलं असतं.

आणि 'कमकुवत' ठरवायचं तरी कोणी? गडचिरोलीत, नंदुरबारात, मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं जनुक बऱ्याच आदिवासी घरांत आहे. दोन प्रती आल्या तर असह्य वेदनांचा आजार. एकच प्रत असेल तर जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण. ॲलिसन या संशोधकाने १९५४ साली पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. मलेरियाच्या जंगलात ज्याने पिढ्या वाचवल्या, तेच जनुक मलेरिया नसलेल्या शहरात आलं की नुसता धोका उरतो. जनुक तेच, ठिकाण बदललं.

एकनाडीवर फार शाई घालवायला नको. नाडी नक्षत्रावरून ठरते, २७ नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली. रक्तगट आईबापांकडून येतो. नवरा-बायकोचा रक्तगट एक असण्यात काहीही वावगं नाही. लक्ष द्यायचं ते आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बापाचा पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे.

बायोडेटाच्या छापील फॉर्मात रास, नक्षत्र, गण, नाडी, गोत्र, रक्तगट असे रकाने असतात. थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, नसतो. भारतात शंभरात तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत त्याहून पुष्कळ जास्त, आणि पिंपरी कॅम्पातल्या सिंधी घरांना हा आजार नवा नाही. वाहक माणूस ठणठणीत असतो. रक्ताच्या साध्या सीबीसी तपासणीच्या रिपोर्टात एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) ८० च्या खाली, एमसीएच (पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली दिसतं, आणि बहुतेकदा लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. खात्री होते ती हिमोग्लोबिन ए-२ च्या तपासणीत. साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की वाहक धरतात. वाहक असल्याने स्थळ मोडायचं कारण नाही, जोडीदार वाहक नसला तर मूलही फार तर वाहकच होईल. दोघंही वाहक निघाले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे लेकराला आयुष्यभर रक्त चढवत राहायचं. हे आधी कळलं तर गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. मेसेज पाठवणाऱ्या काकांना मी एवढंच कळवलं आहे, की मंडळाच्या फॉर्मात गोत्राच्या खाली हा एक रकाना वाढवा, आणि तो मुलाकडच्यांनीही भरायचा आहे.