लाइट गेली आणि आईचा रेडिओ आला

आज दुपारी ऐरोलीत लाइट गेली. शुक्रवार म्हणजे शटडाऊन, त्यात नवीन काही नाही, मी लॅपटॉपची बॅटरी किती उरलीय बघत चरफडत बसले होते आणि किचनमधून आईची हाक, "अगं ये लवकर, आला बघ!" मला वाटलं पाणी आलं. जाऊन बघते तर ही खिडकीपाशी रेडिओला कान लावून उभी आणि आवाज इतका स्वच्छ की निवेदिका श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतोय. गेले चार महिने या रेडिओतून नुसतं घर्र्र येत होतं. आईने गवार तशीच अर्धी निवडलेली सोडून वीस मिनिटं ऐकलं. मग लाइट आली, फ्रिज थरथरला, आणि बाईंचं वाक्य मधेच तुटून परत घर्र्र.

चार महिन्यांपूर्वी सोसायटीने जिन्यात आणि पॅसेजमध्ये नवीन एलईडी लावले, स्वस्तातले. त्या आठवड्यापासून हे सुरू. मी एकदा आमच्या मजल्याचं बटण बंद करून बघितलं, अर्धी घरघर तिथेच गेली. बाकीची वरच्या-खालच्या मजल्यांची असणार. ग्रुपवर टाकलं, तर उत्तर काय, "काकूंना ॲप डाउनलोड करून द्या ना ताई." वर हसरा चेहरा. खाली अकरा अंगठे.

बरं, ॲप आहे माझ्याकडे. न्यूजऑनएअर, आकाशवाणीचं, त्यांची सगळी स्टेशनं मिळतात, चांगलं आहे, मान्य. पण ते चालतं अर्धा मिनिट मागे. आई रेडिओच्या ठोक्यावर भिंतीवरचं घड्याळ लावते, पन्नास वर्षं लावतेय. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने मोबाइलच्या कुठल्या कोपऱ्यात बोट लावायचं हे रोज मला ऑफिसात फोन करून विचारायचं का?

कळव्याला असताना आमच्याकडे हेच व्हायचं, फक्त तेव्हा आम्हाला त्याचं कौतुक होतं. २००६ चा उन्हाळा, लोडशेडिंग म्हणजे नुसता कहर, संध्याकाळी लाइट गेली की सगळी चाळ गॅलरीत. शेजारच्यांचा मिक्सर, ट्यूबलाइटचे चोक, पंख्याचे ते इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, सगळं एकदम गप्प. आणि अण्णा, माझे वडील, आतून ट्रान्झिस्टर घेऊन यायचे, मोठ्या सेलवाला, आणि म्हणायचे, "गेली एकदाची. आता ऐका." अख्खी चाळ लाइट यायची वाट बघतेय आणि हा एकटा माणूस जायची! गॅलरीच्या कठड्यावर त्यांनी पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, रेडिओची कड बरोब्बर त्या रेघेला लावायची, जरा तिरपा झाला की आवाज पडायचा. मला तेव्हा वाटायचं हा अण्णांचा चक्रमपणा. नंतर कळलं की मीडियम वेव्हचा अँटेना सेटच्या पोटात असतो, फेराइटची कांडी, ती स्टेशनच्या दिशेला आडवी धरली की लहर पकडते आणि तिचं टोक स्टेशनकडे केलं की बहिरी होते. वर ओढायची ती स्टीलची काडी एफएमसाठी. आपण सगळे लहानपणी ती काडीच हलवत बसायचो, मूर्ख.

आता ऐरोलीच्या किचनमध्ये ग्रॅनाइटच्या ओट्यावर लाल टिकली चिकटवलीय, रेडिओचा कोपरा टिकलीला. दुसरी टिकली डायलवर, अस्मिताच्या, म्हणजे आकाशवाणी मुंबईच्या मीडियम वेव्हवरच्या मराठी स्टेशनच्या, ५५८ वर. आईला किलोहर्ट्झ माहीत नाही, टिकली माहीत आहे.

आणि ही अस्मिता येते कुठून तर मालाडहून. मधे नॅशनल पार्कचे डोंगर. पण ५५८ किलोहर्ट्झची एक लाट जवळजवळ ५३७ मीटर लांब असते, अर्ध्या किलोमीटरहून जास्त! तिला डोंगर म्हणजे स्पीडब्रेकर, जमिनीला धरून वळत वळत येते, खाडीचं खारं पाणी तर तिला आणखीच मानवतं. रात्री तर गंमतच, दिवसा उन्हामुळे वरच्या हवेत एक थर तयार होतो तो या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब जाऊन पडतात. कळव्याच्या गॅलरीत रात्री काटा फिरवला की कुठलं तरी गुजराती, कुठलं तरी अरबी स्टेशन घुसायचं. अण्णा म्हणायचे दुबईचा भाऊ बोलतोय. दुबईत आमचं कोणी नव्हतं.

एवढ्या लांबून येणाऱ्या लहरीला मारलं कोणी, तर जिन्यातल्या बल्बने. कारण मीडियम वेव्ह चालतं एएम पद्धतीने, एएममध्ये आवाज असतो लाटेच्या कमीजास्त उंचीत, आणि बल्बच्या आतल्या सर्किटची, चार्जरची, विजेच्या कडकडाटाची खरखर नेमकी त्या उंचीतच मिसळते. रेडिओला बिचाऱ्याला काय कळणार यातलं निवेदन कुठलं आणि बल्ब कुठला. एफएममध्ये आवाज बसवलेला असतो सेकंदाला किती लाटा याच्यात, उंचीतली खरखर सेट छाटून टाकतो. म्हणून एफएम स्वच्छ. हेही मान्य करते.

पण एफएमची लाट तीन मीटरची, ती सरळ रेषेत पळते, डोंगराला, टॉवरला अडकते. पुलावरून उतरून सिग्नलला थांबलं की खर्र, गाडी दोन फूट पुढे घेतली की साफ, कारण बिल्डिंगांवर आपटून आलेल्या लाटा एकमेकींना कापतात. आणि ऐकायला काय मिळतं? तीच गाणी आणि हिंदीत हसणारे लोक. ऐरोलीत उद्या पाणी येणार का, ठाणे-बेलापूर रोडवर कुठल्या कंपनीत भरती आहे, हे मुंबईच्या चॅनलवर तुम्ही कधी ऐकलंय? खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा. २००१ साली खाजगी एफएम सुरू झालं, तेव्हापासून स्वतःच्या बातम्यांना बंदीच. पेपरने लिहावं, चॅनलने ओरडावं, यूट्यूबवर कोणीही काहीही बरळावं, फक्त रेडिओने गाणी लावावीत. का? आरजे मंडळी मेहनत करतात, ट्रॅफिक सांगतात, नाही म्हणत नाही मी. पण कळव्याच्या गॅलरीत बातम्या संपल्यावर जे भांडण लागायचं तसं एका तरी गाण्यावरून लागलंय का?

आणि वर म्हणायचं रेडिओ कोण ऐकतं आता. देशभर मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक बंद होतायत, कारण ऐकणारे नाहीत. अरे, ऐकू येईल असं ठेवलंय का काही? आधी आवाज करून ठेवायचा आणि मग म्हणायचं, म्हातारीला ऐकू येत नाही.

१९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आमच्या सोसायटीत पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवलं तर कॉमन एरिया म्हणून नोटीस येते. मग ही लहर कॉमन नाही?

असो. जरा जास्तच तापले. एलईडीने कॉमन मीटरचं बिल कमी झालंय हे खरं आहे, सेक्रेटरीही वाईट माणूस नाहीत, कोविडमध्ये आईची औषधं त्यांनीच दारात आणून दिली होती. आणि मी स्वतः तरी कुठे रेडिओ ऐकते, ट्रेनमध्ये कानात मोबाइलच असतो. अण्णा गेल्यावर कळव्याची खोली रिकामी करताना त्यांचा ट्रान्झिस्टर मीच भंगारात दिला, सेल गळून आत हिरवं झालं होतं. कठड्यावरची रेघ मात्र तशीच होती, आईने पदराने पुसून बघितली, गेली नाही.

उद्या सकाळी पाणी सोडायच्या वेळी सेक्रेटरी खाली असतात तेव्हा गाठते. आमच्या मजल्याचे दोन आणि वरच्या-खालच्या मजल्यांचे चार बल्ब मी माझ्या पैशाने बऱ्यापैकी कंपनीचे आणते, लावून तर बघा म्हणावं.

आई आतून विचारतेय, पुढच्या शुक्रवारी पण लाइट जाणार आहे का गं.